ढग सोडून बाकीचे पाठवा

माझे फोटो कोणालाच उघडत नाहीत, ही गोष्ट बरेच महिने मी माझ्या कलेची उंची म्हणून सांगत होतो. जे सोपं असतं ते सगळ्यांना उघडतं, असं चारचौघांत एकदोनदा म्हणालोही. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, कारण फोटो न बघता त्यांची सुटका होत होती.

हा भ्रम मोडला सूर्यमाळच्या बाजूच्या एका शाळेतल्या गुरुजींनी. जूनमध्ये त्यांच्याकडे शाळा प्रवेशोत्सव होता. मी त्या भागात ढग टिपायला गेलो होतो. मोठी मंडळी पावसामुळे कसाऱ्याच्या अलीकडेच अडकलेली, त्यामुळे आयता पाहुणा म्हणून मला खुर्ची, गुलाबाचं फूल आणि नारळ मिळाला. नारळ हातात आला की माणूस भाषण करतो, तसं मी केलं. मग पाहुण्याच्याच फोनवर समारंभाचे फोटो निघाले, कारण मंडपात सर्वांत महाग फोन पाहुण्याचा होता आणि ते पाहुण्याने येता-जाता सर्वांच्या लक्षात आणून दिलं होतं.

घरी आल्यावर गुरुजींना नमुन्यादाखल काही फोटो व्हॉट्सॲपवर धाडले. ते उघडले, पण छापण्याजोगे नव्हते, कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना स्वतःच जेपीजी करतं आणि वर बारीकही करतं. म्हणून अस्सल मालाची लिंक पाठवली. अख्खं फोल्डर. दोन दिवसांनी निरोप आला : ‘सर, लिंकमधले उघडत नाहीत. शाळेच्या कॉम्प्युटरवर नुसतं पांढरं पान येतं. जेपीजी करून द्या.’ आणि त्याखाली, बहुधा व्हॉट्सॲपवरच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून, ‘ढग सोडून बाकीचे पाठवा. ढग आमच्याकडे आहेत.’

आता माझी बाजू. सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातलं सर्वांत उंच ठिकाण म्हणून ओळखलं जातं. पावसाळ्यात ढग तिथे रस्त्यावर येऊन बसतात, म्हैस बसावी तसे, आणि हॉर्न वाजवला तरी उठत नाहीत. मुंबई-ठाण्याची माणसं विहीगावचा धबधबा बघतात आणि भजी खाऊन परत फिरतात. पुढे खोडाळ्यावरून वर चढणारे थोडे. त्या थोड्यांत मी. मग उतारावरची नागली, बांधावरची खुरासणी, ढगात अर्धं बुडालेलं झाड, ढगात पूर्ण बुडालेलं झाड (हा फोटो म्हणजे नुसता करडा आयत आहे, पण मला माहीत आहे की आत झाड आहे), असं सगळं मी टिपत असतो. एकाच ढगाचे किती काढायचे याला माझ्याकडे उत्तर नाही. ढग बदलतो, असं माझं म्हणणं. ‘ढग नाही बदलत, तुझा अँगल बदलतो,’ असं बायकोचं.

गुरुजींचा निरोप वाचून माझी पहिली प्रतिक्रिया ‘शाळेचा कॉम्प्युटर जुना असणार’ अशी होती. ती खरीही होती. पण तो कॉम्प्युटर त्यांचं सगळं काम करत होता आणि माझा फोन त्यांचं एकही करत नव्हता, हा मुद्दा बायकोने चहा ओतताना मांडला.

मामला असा. फोटो साठवायचा एचईआयएफ नावाचा साचा एमपेग या प्रमाणं ठरवणाऱ्या मंडळींनी 2015 मध्ये पक्का केला. ॲपलने 2017 मध्ये आयओएस 11 बरोबर तो आपल्या फोनांत आणला आणि फायलींच्या शेपटाला एचईआयसी ही चार अक्षरं चिकटली. आता काही अँड्रॉइड फोनांतही तो पर्याय असतो. गुण खरा आहे : तोच फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो आणि छटाही जास्त राखतो. व्हिडिओ आवळायची एचईव्हीसी नावाची पद्धत आहे, तीच इथे एकेका चित्राला लावलेली असते. फक्त ते चित्र उलगडायची सोय समोरच्या यंत्रातही असावी लागते. त्या पद्धतीवर पेटंटं आहेत, त्यामुळे ती सोय सरसकट सगळीकडे फुकट मिळत नाही. आणि बऱ्याच सरकारी पोर्टलांना तर जेपीजी सोडून दुसरं चित्र चित्रच वाटत नाही.

जेपीजीबद्दल मला आधी आदर नव्हता. 1992 सालचं प्रमाण, म्हणजे माझ्या लेखी लँडलाइनच्या वयाचं. मग वाचलं की त्याच्या पोटात जे गणित आहे ते 1974 मध्ये नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी एका निबंधात मांडलं होतं. अहमद मूळचे बंगळूरचे. जगातल्या बहुतेक फोटोंच्या पोटात त्या तिघांचं गणित आहे, हे कळल्यावर मी जेपीजीकडे जरा सावरून बसून बघू लागलो. तो काय करतो, तर चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्याला जाणवणारच नाही तो गुपचूप टाकून देतो. आपला डोळा उजेडाच्या फरकाला तिखट असतो, रंगाच्या फरकाला मंद. जेपीजी त्या मंदपणावर जगतो.

माझ्या ढगांत करड्याच्या ज्या असंख्य छटा आहेत, नेमक्या त्याच हा टाकून देणार, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी एक फोटो जेपीजी करून मूळ फोटोच्या शेजारी लावला. बराच वेळ बघितलं. मग बायकोला बोलावलं आणि कोणता सरस ते न सांगता विचारलं. ती म्हणाली, ‘उजवा.’ उजवा जेपीजी होता, तोही दर्जाचं बटण बरंच खाली ओढून केलेला. मी म्हणालो, सराव नसलेल्या डोळ्याला तसंच वाटतं.

बदलायचं ठरलं. पहिला उपाय कोणत्याही सुशिक्षित माणसाला सुचेल तोच. फायलीचं शेपूट खोडलं आणि तिथे जेपीजी लिहिलं. नुसतं नाव बदलून काम होतं असा समज महाराष्ट्रात राहून झाला तर त्यात माझा काय दोष? फाईल आतून होती तशीच राहिली. दुसरा उपाय फुकटात फोटो बदलून देणाऱ्या वेबसाइटींचा. त्या थोडे फोटो फुकट बदलतात आणि मग पैसे मागतात. शिवाय अख्ख्या शाळेतल्या पोरांचे चेहरे कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रावर जाऊन पडणार, ते सांगत नाहीत. इथे मात्र मी थांबलो. पोरं माझी नव्हती.

मग भाच्याला फोन. ‘मामा, एका ओळीचं काम आहे,’ तो म्हणाला. हल्लीच्या पोरांना सगळंच एका ओळीचं असतं. त्याने इमेजमॅजिक नावाचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. ते 1987 पासूनचं आहे, ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीत जॉन क्रिस्टी नावाच्या माणसाने सुरू केलेलं, आणि आजही फुकट. त्यात चित्रबित्र काही दिसत नाही. एक काळी खिडकी उघडते, तीत ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. ‘मामा, मूळ फोल्डरची कॉपी करून त्या कॉपीवरच चालव. एखादा शब्द राहिला तर मूळ फायलींवरच नवं लिहून बसतं ते,’ असंही तो म्हणाला. मी कॉपी केली. ओळ लिहिली. एंटर मारलं आणि जेवायला बसलो. मोठं काम चालू असताना जेवणारा माणूस भारदस्त दिसतो.

परत येऊन बघतो तर नव्या फोल्डरने जुन्याच्या जवळजवळ दुप्पट जागा व्यापली होती आणि सगळ्या फायलींवर आजचीच तारीख होती. म्हणजे फोटोच्या पोटात काढल्याची खरी तारीख शाबूत होती, पण फोल्डर ज्या तारखेने रांग लावतं ती आजची. इतक्या वर्षांचे माझे सगळे पावसाळे एकाच दुपारी पडले होते. शिवाय बरेच फोटो आडवे. फोन हातात उभा होता की आडवा, याची एक खूण फोटोत लिहिलेली असते. एकाने ती वाचून फोटो फिरवला आणि खूण तशीच ठेवली, की दुसरा पुन्हा फिरवतो. माझ्याकडचा धबधबा डावीकडून उजवीकडे वाहू लागला. प्रवेशोत्सवातली मुलं एका ओळीत भिंतीला पाय लावून झोपलेली. मी स्वतः भाषण करताना आडवा, आणि खरं सांगायचं तर समोरच्या मुलांच्या चेहऱ्यांशी तेच जास्त जुळत होतं.

हे सगळं सरळ करून गुरुजींना सांगितलं, तर एवढ्या जड फायली उतरवायला तिथे रेंज नाही. ‘पेन ड्राइव्हवर घेऊन या. खोडाळ्याच्या दुकानात द्या, तो पोरगा बारीक करून देतो,’ असं त्यांचं म्हणणं. म्हणून गेलो.

दुकान म्हणजे एक गाळा. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन, आधार प्रिंट, सातबारा, रिचार्ज आणि शेवटी, इतर अक्षरांपेक्षा ठळक, ‘फोटो केबीमध्ये करून मिळेल’. इथे मला थोडं थांबायचं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद ओलांडून जावं.

केबी ही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातली या शतकातली सर्वांत महत्त्वाची मोजणी आहे, असं माझं मत झालं आहे. पूर्वी पायली, शेर, कुडव असत. आता केबी. बँक भरतीच्या अर्जात फोटो 20 ते 50 केबी लागतो आणि सही 10 ते 20 केबी. सही! माणसाची सही किती मोठी असावी हे सरकारने ठरवलं नव्हतं, ती एक राहिलेली जागा होती, तीही भरली. फोटो 51 केबीचा झाला तर तुम्ही उमेदवार नाही आणि 19 चा झाला तरी नाही. मधल्या चिंचोळ्या पट्टीत ज्याचा चेहरा बसेल तोच कारकून होऊ शकतो. साध्या फोनवर काढलेला फोटोसुद्धा दोन-चार एमबीचा असतो. म्हणजे तो पन्नास केबीत बसवायचा तर चेहऱ्याचा चाळिसावा ते ऐंशीवा हिस्सा उरतो. तेवढ्यावर माणूस ओळखू आला पाहिजे, कान दोन्ही दिसले पाहिजेत, आणि मागे पांढरं.

मी बाकावर बसून बघत होतो. एक मुलगी आली. पोलीस भरतीची असावी, चालण्यावरून वाटलं. तिने फोन पुढे केला, पोराने फोटो घेतला, कापला, दाबला. ‘48,’ तो म्हणाला. तिने सुटकेचा श्वास टाकला, जणू वजनकाट्यावरून उतरली. मग एक बाप-लेक आले. त्यांच्याकडे पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा. अनुसूचित जाती-जमातीच्या दाखल्याला 1950 पूर्वीचा कागद लागतो, आणि त्या काळात या डोंगरांत किती जण शाळेत गेले असतील याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. यांचे पणजोबा गेले होते. कोणा मास्तराने बोरूने नाव लिहिलं होतं, शाई तपकिरी झाली होती, कागद घडीवर फाटत होता. तो कागद जेव्हा पोर्टलाच्या मापात बसतो तेव्हा पणजोबा दिसेनासे होतात, आणि मोठा ठेवला तर पोर्टल घेत नाही. पोराने मोठ्या शहाणपणाने आधी रंग काढून टाकला, कागद काळा-पांढरा केला, कडा छाटल्या, मग दाबला. रंगही जागा खातो आणि तो काढला तरी अक्षर राहतं, हे त्याला कोणी शिकवलं असेल? नासिर अहमदांचा निबंध त्याने वाचलेला नसणार. पणजोबांचं नाव वाचता येत होतं.

मग माझा नंबर. ‘बोला काका,’ तो म्हणाला. (काका.) मी एचईआयसी, एचईव्हीसी, छटा, मूळ दर्जा वगैरे सविस्तर सांगितलं आणि सर्व फोटो मी आधीच बदलून आणलेत हेही. त्याने पेन ड्राइव्ह लावला. ‘रविवारी मुंबईवाले आणतात हे एचईआयसी. पांढरं पान दिसलं की बोलतात तुझा कॉम्प्युटर खराब आहे.’ मी पाटीकडे बघू लागलो. ‘किती केबीत बसवू?’ त्याने विचारलं. कोणी माझ्या ढगांना हा प्रश्न विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, जेवढे मोठे ठेवता येतील तेवढे. ‘मग बदलायला कशाला आलात?’ तो म्हणाला. त्यात उर्मटपणा नव्हता, खरंच विचारत होता.

असो. मोजणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही.

एका एप्रिलात मी सूर्योदयासाठी माळावरच्या एका खडकावर उभा होतो. अगदी कडेचा, निवांत खडक. मागून एक माणूस आला आणि उभा राहिला. मला वाटलं, तोही सूर्योदय बघतोय. थोड्या वेळाने म्हणाला, ‘साहेब, जरा सरकता का? इथंच रेंज येते.’ तो रोजगार हमीच्या कामावरचा मेट, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारा, होता. खाली बांधाचं काम चालू होतं, बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. 1 जानेवारी 2023 पासून या कामांवरची हजेरी मोबाईलवर घेतली जाऊ लागली : मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा, वेळ आणि अक्षांश-रेखांशासह. फोटो चढला तर दिवस भरला. नाही चढला तर घाम गाळलेला असूनही मस्टरवर तो माणूस आलाच नाही. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात त्या दिवसाचा दर 312 रुपये होता. माझ्या फोनचं कव्हर याहून महाग आहे.

मी सरकलो. तो हात वर करून उभा राहिला. फोन आकाशाकडे धरलेला, खाली बायका उन्हात एका ओळीत, कोणी हलू नये म्हणून. मीही तोवर तेच करत होतो, हात वर, फोन आकाशाकडे. आमच्या दोघांच्या फोटोंत जवळजवळ तोच अक्षांश आणि तोच रेखांश नोंदला गेला असणार, कारण माझा फोनही ते न विचारता लिहून ठेवतो. फरक इतकाच की माझे फोटो कोणी तपासत नाही आणि त्याचे तपासतात. एचईआयसीतून जेपीजी झाले, आडवे झाले, तारखा गेल्या, तरी माझं काही बुडालं नाही. जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की काही ठिकाणी कामावरच्या माणसांऐवजी फोटोचाच फोटो काढून चढवला जातो. लबाडी आहे, पकडावी. पण ज्या घामाला खडकावर चढून रेंज शोधावी लागते त्याचाही कोणी तरी फोटो काढून मंत्रालयाला पाठवायला हवा होता. मी काढला नाही. माझ्याकडे त्या सकाळचा सूर्योदय आहे, बराच.

फोटो बदलायच्या सगळ्या खटाटोपात मी ज्यांना शोधत होतो त्या आजींकडे आता येतो. सूर्यमाळला मी ज्यांच्या पडवीत पावसात उभा राहतो त्या. चहा देतात, पैसे घेत नाहीत, आणि दर वेळी एकच विचारतात : ‘माझा फोटू काढतोस, मंग देत का नाहीस?’ त्यांना तो भिंतीला लावायचा होता. घरात कोणी गेलं की आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात, बहुतेकांचा दुसरा फोटोच नसतो. आजींचा त्याला विरोध होता. ‘आधारात मी भुतासारी दिसते,’ त्या म्हणाल्या, आणि कार्ड काढून दाखवलं. अतिशयोक्ती नव्हती.

म्हटलं, माझ्याकडे तर त्यांचे ढिगाने आहेत. बदललेल्या फोल्डरात बसलो शोधायला. आजी एकाही फोटोत धड नाहीत. हात आहेत, नागली पाखडणारे, त्यांवर छान तिरपी उन्हं. पाठमोऱ्या आहेत, समोर ढग. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, या फोटोला मी ‘वय’ असं नाव दिलं होतं आणि एका दिवाळी अंकाला पाठवलाही होता. दारातून नुसती सावली. एका म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर फोन धरून ‘इकडे बघा’ एवढं म्हणण्याचं काम जे जत्रेतला फोटोवाला करतो ते मी इतक्या पावसाळ्यांत केलं नव्हतं.

शेवटी एक सापडला. उजेड बघायला सहज बटण दाबलं असेन. आजी कोंबडीला हाकलताहेत, तोंड माझ्याकडे, दात दिसताहेत, डोळे चमकताहेत. जेपीजी झाल्यावर तो नुसता फोटो होता. मूळ फोल्डरात मात्र त्याच नावाची आणखी एक फाईल होती. काही फोन बटण दाबायच्या थोडं आधीपासून थोडं नंतरपर्यंतचा व्हिडिओही गुपचूप ठेवतात, आणि जेपीजी करताना तो मागे राहतो. तो लावून बघितला. तीनेक सेकंद. कोंबडीला घातलेली शिवी स्वच्छ ऐकू येते. ती इथे छापता येणार नाही.

तोच फोटो खोडाळ्याला नेला. पोराने बघितला आणि म्हणाला, ‘ह्या होय! ओळखतो ना. काका, मागचं काय ते? काढून टाकू?’ मागे माझा ढग होता. खालून वर सरकणारा, कडेला चंदेरी रेघ असलेला, मी आयुष्यात टिपलेल्या ढगांतला कदाचित सर्वोत्तम. मी म्हणालो, तो राहू दे. पोरगा म्हणाला, ‘त्यांनाच विचारतो, सांगतील ते करतो.’ त्याने फोन लावला, त्यांच्या नातवाला. तिकडून उत्तर आलं आणि त्याने ते अक्षरशः पाळलं. ढग गेला. त्या जागी गुलाबाची बाग आली, मधे कारंजं, बाजूला एक पांढरा बंगला. कोंबडीचं शेपूट फ्रेममध्ये येत होतं, तेही गेलं. साडीच्या पदराला त्याने फुकटात जरीचा काठ लावला.

आजींनी फ्रेम हातात घेतली, पुसली, लांब धरून बघितली, आणि दारावरून जाणाऱ्या दोघींना बोलावून दाखवली. ‘बघ, आता कशी बाईसारी दिसते.’ बंगल्याबद्दल विशेष चौकशी झाली. फोटो कोणी काढला हे त्या दोघींना सांगावं म्हणून मी जरा पुढे सरकलो. पोराचं नाव सांगण्यात आलं.

तेव्हा सूर्यमाळला जाणार असाल तर निघण्यापूर्वी फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा, तिथे ‘फॉरमॅट्स’ किंवा तशाच नावाचा पर्याय असेल, आणि त्यात ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा, म्हणजे नवे फोटो मुळातच जेपीजीत निघतील. जुने बदलायचे असतील तर आधी फोल्डरची कॉपी करा आणि मूळ फायली पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तसे ते बारीक होत नाहीत. ज्याचा फोटो काढाल त्याचा समोरून, पूर्ण चेहऱ्याचा, एक तरी काढा, आणि पुढच्या खेपेला कागदावर छापून हातात द्या. खोडाळ्याला पेन ड्राइव्ह नेणार असाल तर घरी तो व्हायरससाठी तपासून न्या. त्या गाळ्यात कॉम्प्युटर एकच आहे आणि भरतीच्या अर्जांची शेवटची तारीख जवळ आलेली असते.